फ्यूज केलेली काच कापायला कुठलं मशीन, कुठलं ब्लेड? (ठाणे-नवी मुंबईकर, मदत करा)

काचकन्या, ९ जून
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहितेय.

मी घोडबंदर रोडला राहते. बाल्कनीत छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे, तिच्यात काच वितळवून पेंडंट, कानातले, अंगठीचे खडे करते. ३ मिमीच्या काचेचे दोन थर एकावर एक ठेवायचे, ८०० अंशांच्या आसपास नेऊन एकजीव करायचे. आजवर काच कापायला हिरकणी आणि मोडायला पकड, एवढ्यावर भागत होतं.

आता डोक्यात वेगळं खूळ आलंय. रंगीत पट्ट्या उभ्या रचून पाऊण इंच जाडीची वडी वितळवायची आणि तिचे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापात तीच नक्षी येते. अळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल. पण एवढ्या जाड काचेवर हिरकणीचा ओरखडा काढून ती सरळ मोडत नाही. सासऱ्यांचा मार्बल कटर घेतला. पहिल्या कापाला खालच्या कडेने टवकेच टवके. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला ब्लेड निम्म्यावर गेलं आणि कट्कन आवाज होऊन पट्टीला आडवा, वळणदार तडा गेला, तोही ब्लेडच्या रेषेत नाही, भलतीकडेच. चार दिवसांची मेहनत वर्तमानपत्रात गुंडाळून टाकली.

तर मशीन कुठलं घ्यावं? ब्लेड कसं निवडायचं? बजेट पंधरा-वीस हजार. फ्लॅटमध्ये चालवायचंय हे लक्षात ठेवून सांगा.

तिरपागडा, ९ जून
अळूवडी वाचून धागा उघडला. फसवणूक झाली आहे, संपादकांनी नोंद घ्यावी.

पाचपाखाडीकर, ९ जून
आमच्या सोसायटीत एकाने दुपारी अडीच वाजता मार्बल कटर लावला होता. त्याचं नाव अजून नोटीस बोर्डावर आहे. मशीन कुठलंही घ्या, आधी सेक्रेटरीच्या घरी एक पेंडंट पोचवा.

रबाळेकर, १० जून
माझं रबाळे एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. काच रोज कापत नाही, पण डायमंड ब्लेडशी रोजची गाठ आहे. जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी एक समजून घ्या. डायमंड ब्लेडला दात नसतात. ते कापत नाही, उगाळतं. सहाणेवर खोड फिरवतो तसंच, फक्त इथे सहाण फिरते आणि खोड तुमच्या हातात असतं. त्यामुळे जोर लावून काही साधत नाही, जोर लावला की टवका उडतो.

आता तुमच्या कटरचं बघू. त्यात ११० मिमीचं ब्लेड बसतं आणि तो मिनिटाला बारा हजारांच्या पुढे फेरे मारतो. म्हणजे ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ६९ मीटर. रत्नांचे दगड कापायचं सहा इंची मशीन २८०० फेऱ्यांवर चालतं, तिथे हाच वेग २२ मीटरच्या आसपास येतो. मार्बल कटर लादीसाठी केलाय. लादी जड असते, जागेवर राहते. तुमची दोन इंचाची पट्टी त्या वेगापुढे नुसती थरथरते.

त्यात सासऱ्यांच्या कटरला बहुतेक खाचांचं ब्लेड असणार. काठाला मध्ये मध्ये फटी असतात ते. काँक्रीट-ग्रॅनाइटसाठी ते बरं, कारण फटींतून हवा जाते आणि चूर बाहेर पडतो. काचेला मात्र प्रत्येक फट म्हणजे एक हातोडी. काचेसाठी अखंड काठाचंच ब्लेड घ्यायचं. दुकानात ‘कंटिन्युअस रिम’ म्हणून मागा. टर्बो, म्हणजे दातेरी काठाचं, तेसुद्धा नको.

दुसरा मुद्दा जाडीचा. टाइल कापायचं ब्लेड दोन मिमीच्या आसपास खातं. दगड कापायची पातळ ब्लेडं अर्धा-पाऊण मिमी खातात. तुमची पट्टी ५० मिमी लांब आणि काप ५ मिमीचे धरा. जाड ब्लेडने सात काप निघतील, अर्धा मिमीवाल्याने नऊ. दोन काप म्हणजे कानातल्यांची एक जोडी चुरा होऊन बादलीत गेली. पण पातळ ब्लेड लचकतं, त्याला दोन्ही बाजूंनी मोठे फ्लॅन्ज, म्हणजे ब्लेड दाबून धरणाऱ्या चकत्या, लागतात. ते नसतील तर काप तिरके येतात.

काचकन्या, १० जून
रबाळेकर, दंडवत घ्या. आत्ता जाऊन पाहिलं, ब्लेडला फटी आहेत! आणि पाणीही घातलं नव्हतं, कोरडंच कापलं. हसू नका.

वाशीची_सोनसळी, १० जून
हसत नाही, मी पण केलंय.

माझ्याकडे रिंग सॉ आहे, टॉरस ३. त्याचं पातं म्हणजे हिऱ्याचा थर दिलेली गोल कडी. सगळ्या बाजूंनी कापते, त्यामुळे तुकडा पुढे, मागे, आडवा कसाही सरकवता येतो. फुलपाखराचा पंख, कोयरीचं टोक, चंद्रकोरीचा आतला बाक हे सगळं जमतं. बोट चुकून लागलं तर कातडं सोलत नाही, खरखरतं फक्त. आवाजही बेताचा, बेडरूमचं दार लावलं की संपलं.

पण उणी बाजूही सांगते. सरळ रेष मारायची म्हटली की हात भरकटतो, आणि पाऊण इंच जाड वडी कापताना माझा चहा दोनदा थंड होतो. पाती बाहेरून मागवावी लागतात, ती येईपर्यंत मशीन झाकून ठेवायचं. तुमच्या अळूवडीला मी हे सुचवणार नाही.

ग्रिफनचा बँड सॉ मी एका मैत्रिणीकडे पाहिला. हिरे लावलेली पट्टी, मागून स्पंज तिला ओली ठेवतो. सरळ आणि हलके बाक दोन्ही ठीक जमतात. पण तुमच्या बजेटमध्ये नवीन बसणं कठीण.

कोपरखैरणेचा_वायरमन, १० जून
अमेरिकेतून कुणी भावजी मशीन आणणार असतील तर प्लेट वाचा. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर आपल्या सॉकेटला थेट लावल्यावर धूर येईल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टचा प्रश्न मिटतो, हर्ट्झचा मिटत नाही. साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहातला एक फेरा कमी मारते आणि जास्त तापते. २२०-२४० व्होल्टचं मॉडेल आहे का, ते आधी विचारा.

आणि पाणी व वीज एकत्र नांदणार असतील तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. नुसता एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो. मशीनची वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

नेरूळची_माई, १० जून
ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, चष्मा लावायचा. हातमोजे मात्र नाही. फिरत्या चाकात मोजा ओढला की मागोमाग हात जातो. आमच्या ह्यांच्या कारखान्यातला नियम आहे, घरातही लागू.

उपट्या, ११ जून
मी उलटं बोलणार, सवयच आहे. मुळात करवत कशाला?

वितळलेल्या काचेला आपणहून साधारण ६ मिमी जाडीला यायचं असतं. ३ मिमीचे दोन थर असले की आकार जागेवर राहतो आणि कडा गोल होतात. एकच थर असला तर काच आत ओढली जाते, जास्त असले तर पसरते. म्हणजे हिरकणीने मापात कापून दोन थर भट्टीत टाकले की दागिना कडेसकट तयार. करवतीने कापलेली कड पांढरी, खरबरीत येते, ती परत घासा, परत भट्टीत घाला. दुप्पट वीज, दुप्पट वेळ. वर हे हजारोंचं मशीन.

वाशीची_सोनसळी, ११ जून
उपट्या, साध्या पेंडंटला अगदी सहमत. मी स्वतः नव्वद टक्के तसंच करते. पण वडीच्या कापात जी नक्षी येते ती वरून थर लावून येत नाही. पोळीवर अळूचं पान ठेवून अळूवडी होते का?

तिरपागडा, ११ जून
चर्चा योग्य दिशेला वळली आहे. चालू द्या.

घंटाळीवाला, ११ जून
अवांतर: ठाण्यात अळूवडी कुणाची चांगली? स्टेशनजवळच्या दुकानांत मिळते ती हल्ली नुसतं बेसन असते.

(यावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

शंकासुर, १२ जून
काचेची धूळ म्हणजे सिलिकोसिस ना? बाल्कनीत असला उद्योग लहान मुलं असलेल्या घरात करावा का? राग मानू नका.

गोळ्यावाला_डॉक्टर, १२ जून
राग कशाला, प्रश्न रास्त आहे. सिलिकोसिस होतो स्फटिकरूप सिलिकाने: दगड, वाळू, क्वार्ट्झ. खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये तो फार आढळला, कारण अकीक म्हणजे क्वार्ट्झच. काच स्फटिकरूप नसते, म्हणून तिच्या धुळीला तो शिक्का लावता येत नाही. तरी बारीक काचचूर्ण नाकाला, घशाला, फुप्फुसाला त्रास देतंच. पाण्यात कापा आणि साधा सर्जिकल मास्क न लावता एन-९५ लावा. खरी गडबड नंतर होते. ओला गाळ लादीवर तसाच वाळतो आणि सकाळी कुणीतरी त्यावर केरसुणी फिरवतं. ओल्या फडक्यानेच पुसायचं.

नेरूळची_माई, १२ जून
आणि तो गाळ मोरीत ओतू नका! सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी काढा, खालचा लगदा कागदात गुंडाळून कचऱ्यात.

जुना_फिटर, १२ जून
वरचं सगळं वाचलं. ब्लेडवर बराच खल झाला, पण पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांनी सोडली. ताई म्हणतात तडा वळणदार होता आणि ब्लेडच्या रेषेत नव्हता. ब्लेड खराब असेल तर कडेला टवके उडतात. अख्खी पट्टी भलतीकडे फाटत नाही. काच भलतीकडे फाटते तेव्हा ताण आधीपासून तिच्या पोटात असतो, ब्लेडने फक्त त्याला वाट दिली.

दोन प्रश्न. पट्टी थंड कशी केलीत? आणि पारदर्शक काच कुठून आणलीत?

काचकन्या, १२ जून
फिटरकाका, थंड करताना ५१० अंशांवर एक तास थांबवली, मग भट्टी बंद. नेहमी पेंडंटला हेच करते. रंगीत काच सीओई ९६ची, ऑनलाइन घेतलेली. पारदर्शक... इथे जरा कंजुषी केली. गल्लीतल्या काचवाल्याकडून खिडकीच्या काचेचे उरलेले तुकडे आणले, त्याने फुकटच दिले. दिसायला तर सारखीच होती.

जुना_फिटर, १२ जून
सापडला चोर. चोर दोन आहेत.

सीओई म्हणजे तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा. तुमची रंगीत ९६ची. खिडकीची काच साधारण ८५च्या आसपास. वितळताना दोघी गळ्यात गळा घालतात, थंड होताना एक जास्त आकसते, एक कमी. सुटता तर येत नाही, मग कुढत बसतात. महिनाभर कपाटात सुखरूप राहील आणि एक दिवस आपोआप तडकेल. गिऱ्हाइकाच्या गळ्यातही तडकेल.

दुसरा चोर जाडी. ६ मिमीच्या पेंडंटला एक तास पुरतो. पाऊण इंचाच्या वडीचं पोट बाहेरच्या कातडीपेक्षा फार उशिरा थंड होतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीचा तक्ता सांगतो, १२ मिमीला २ तास, १९ मिमीला ३, २५ला ४. त्यांची काच ४८२ अंशांवर थांबवतात, तुमची ५१०वर ठीक आहे. पण तास तेवढेच धरा आणि त्यानंतर भट्टी बंद करून टाकू नका. १९ मिमीला सुरुवातीला तासाला २५ अंश, इतकं सावकाश उतरवायचं.

तपासायचंय? लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल त्याच्यासमोर धरून फिरवा, एका कोनाला पडदा काळा होईल. तिथेच थांबून गॉगल आणि पडदा यांच्या मध्ये काचेचा तुकडा धरा. काळाच राहिला तर ठीक. तुकड्यात रंगांच्या शिवेवर पांढरी झाक उजळली तर ताण आहे.

काचकन्या, १२ जून, रात्री ११:५०
नवऱ्याचा गाडी चालवायचा गॉगल, माझा ऑफिसचा लॅपटॉप, कचऱ्यातून परत काढलेला तुकडा. लाल आणि पारदर्शक काच जिथे भेटतात तिथे ट्यूबलाइट लावल्यासारखी पांढरी रेघ!! मग नुसत्या ९६वाल्या जुन्या पेंडंटला लावून पाहिलं. काळंकुट्ट, काही नाही.

नवरा विचारतोय रात्री बारा वाजता गॉगल लावून काय चाललंय.

पाचपाखाडीकर, १३ जून
वाखूसा (वाचनखूण साठवली). हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे.

उपट्या, १३ जून
म्हणजे मार्बल कटर निर्दोष सुटला?

रबाळेकर, १३ जून
नाही हो. टवक्यांचा गुन्हा त्याचाच. खून दुसऱ्याने केला एवढंच.

ताई, सरळ काप हेच काम असेल तर मी छोटी ट्रिम सॉ सुचवतो: सहा इंची ब्लेड, पाव हॉर्सपॉवरची मोटर, खाली पाण्याचा ट्रे, वर सरकतं टेबल. तयार मिळते. नाहीतर मसजिद बंदरला नागदेवी स्ट्रीटवर शाफ्ट-बेअरिंग-पुली घ्या आणि कुठल्याही लेथवाल्याकडून जोडून घ्या. झाकण आणि पट्ट्याची जाळी मात्र करून घ्या, त्यात काटकसर नको.

ब्लेडचे दोन प्रकार ऐकाल. इलेक्ट्रोप्लेटेडमध्ये हिऱ्यांचा एकच थर निकेलने चिकटवलेला असतो. नवं असताना लोण्यासारखं जातं, थर गेला की संपलं. सिंटर्डमध्ये हिरे धातूच्या काठात खोलवर मिसळलेले, झिजेल तसे नवे वर येतात. महाग, पण टिकाऊ. शिकताना पहिलं घ्या, कारण पहिलं ब्लेड सगळेच वाकवतात. सिंटर्ड ब्लेड चालेनासं झालं म्हणजे हिरे गुळगुळीत धातूत बुडालेत. चाकूला धार लावायच्या पांढऱ्या दगडात दोन-तीन काप मारा, परत धरायला लागेल. ब्लेडवरचा बाण पाहून बसवा. आणि आता पाऊस आहे, काम झालं की पाणी काढून ब्लेड पुसून ठेवा, एका रात्रीत तांबेरा चढतो.

वाशीची_सोनसळी, १३ जून
छोटा तुकडा बोटांनी धरू नका. प्लायच्या तुकड्यावर हॉट ग्लूने चिकटवा आणि प्लायसकट ढकला. खालची काचही टवकत नाही, कारण ब्लेड बाहेर पडतं ते लाकडात. नंतर दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवलं की गोंद टिचकीने सुटतो. पैलू पाडणारे हेच लाखेने करतात. शेवटचे दोन-तीन मिमी श्वास रोखून, अगदी सावकाश.

कापल्यावर टूथब्रशने घासून, स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवूनच भट्टीत. कापताना बसलेलं चूर्ण राहिलं तर पांढरी साय धरते, ती जात नाही.

काचकन्या, २१ जुलै
धागा वर काढतेय, हिशोब द्यायचा राहिला होता.

वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने मशीन जोडून दिलं, बजेटच्या आत. आरसीसीबी बसवला. आधी अखंड काठाचं टाइल ब्लेड लावून टाकाऊ काचेवर हात बसवला, मग पातळ इलेक्ट्रोप्लेटेड. या वेळी वडीतली सगळी काच ९६ची. ५१०वर ३ तास, मग कासवाच्या चालीने खाली. भट्टीला हात लावायला तिसरा दिवस उजाडला. गॉगलची परीक्षा पास.

५० मिमीच्या पट्टीतून नऊ काप निघाले! आठ स्वच्छ. नववा शेवटी टवकला, कारण तेवढ्यात बेल वाजली आणि मी ढकललं. २२०पासून ६००पर्यंत पॉलिश पेपरने ओलं घासलं, मग ७१० अंशांवर थोडा वेळ. कडा चकचकीत. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे चार जोड झाले. एक सेक्रेटरीकाकूंना दिला, तीन उरले.

जुना_फिटर, २१ जुलै
ब्लेड किती गरम होत होतं? पाणी काठापर्यंत पोचत होतं ना?

काचकन्या, २१ जुलै
हो काका, काठ पाण्यात पाव इंच बुडेल असं ठेवलं. पहिल्यांदा जास्त भरलं होतं, समोरची भिंत आणि माझा चष्मा धुऊन निघाला.

भंगारप्रेमी, २ ऑगस्ट
छान धागा. मी सीवूड्सला राहतो. बिअरच्या हिरव्या बाटल्या आणि जुन्या खिडकीची काच एकत्र वितळवून पाऊण इंचाची पट्टी करणार आहे. कापायला कुठलं ब्लेड घेऊ?

काचकन्या, २ ऑगस्ट
घरात लॅपटॉप आणि गॉगल आहे का?